सात नंबरचं नाव

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. विषयाचं शीर्षक इतकं लांब होतं, की फॉर्मवरच्या चौकटीत मावेना. शेवटचे दोन शब्द खालच्या 'जन्मतारीख' या रकान्यात जाऊन बसले. 'समाजमाध्यमांवरील संवादव्यवहार आणि नागपुरातील कष्टकरी स्त्रियांची स्व-ओळख : एक गुणात्मक अभ्यास.' नवरा म्हणाला, "हे वाचूनच माणूस दमेल, आत कशाला जाईल?" मुलीनं शीर्षकाचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि खाली हसून लोळणारे चार चेहरे टाकले. आमच्या घरात माझ्या विद्वत्तेचं कुणालाही काडीचं कौतुक नाही, हे आधीच सांगून ठेवते.

साध्या भाषेत विषय असा, की बाया मोबाइलवर एकमेकींशी काय बोलतात, कशा बोलतात आणि त्या बोलण्यातून स्वतःला कोण समजतात. मी धरमपेठेत राहते आणि कॉलेजात जनसंवाद शिकवते. 'माध्यमे माणसाची ओळख घडवतात' हे वाक्य वीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिलं. ते खरं आहे का हे बघायला मात्र एकदाही कॉलेजच्या फाटकाबाहेर पडले नव्हते. शेवटी त्याची लाज वाटायला लागली.

अभ्यासासाठी मला महालातलं एक मिरची-कांडप सापडलं. म्हणजे तिखट कुटायचं ठिकाण. अकरा बाया मिळून ते चालवायच्या. भिवापूरची मिरची पोत्यांनी यायची, बाया तिची देठं काढायच्या, गच्चीवर वाळवायच्या, यंत्रात कुटायच्या, चाळायच्या आणि किलोकिलोच्या पिशव्या घरोघर पोचवायच्या. या अकरा जणींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तोच माझ्या अभ्यासाचा विषय.

पहिल्या दिवशी मी रेकॉर्डर चालू केला, घसा साफ केला आणि शिंकले. मग शिंकतच राहिले. आजही ती पहिली फीत लावली तर वीस मिनिटं माझ्या शिंका आणि मागे अकरा बायांचं हसणं एवढंच ऐकू येतं. एकीनं ओलं फडकं आणून दिलं आणि म्हणाली, "तोंडाले बांध वं मॅडम, नाहीतर तुह्यं शिक्षण इथंच संपन." मुलाखती कागदावर उतरवताना मी प्रामाणिकपणे जिथं शिंक आली तिथं 'शिंक' असं लिहिलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, ही काही संकल्पना आहे का?"

हे सर म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. माझा प्रबंध संपत आला तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि सगळी कारकीर्द एकाही आक्षेपाशिवाय गेलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "संशोधनात माणसांची नावं येत नाहीत. क्रमांक येतात." म्हणून माझ्या अकरा बाया 'उत्तरदात्री क्र. १' ते 'उत्तरदात्री क्र. ११' झाल्या. सगळ्यांकडून मी संमतीपत्रावर सही घेतली. त्यात लिहिलं होतं, की तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा तुमचं बोलणं अभ्यासातून काढून घेता येईल. मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. कोणी ऐकला असेल असं वाटलं नाही. "बँकेत एवढ्या सह्या केल्या, अजून एक," असं म्हणत सगळ्यांनी सह्या ठोकल्या.

सात नंबरच्या काकू साठीच्या आसपासच्या. उंच, काटक, आवाज खणखणीत. ग्रुप त्यांनीच काढलेला आणि त्याचा कारभारही त्यांच्याच हातात. त्यांचा कायदा असा, की ग्रुपवर एकतर ऑर्डर टाकायची नाहीतर बातमी. सकाळी सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकणाऱ्या बाईला त्या एका दिवसासाठी ग्रुपमधून काढून टाकत. टाइप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्या बोलूनच निरोप पाठवायच्या. "आज धरमपेठेचे दोन किलो, एक किलो कमी तिखट, तिच्या सासऱ्याले अल्सर आहे. अन् मागच्या गल्लीत नळ नाही येऊन राहिला, पाणी भरून ठेवा." दोन मिनिटांत अख्ख्या मोहल्ल्याचं वार्तापत्र. कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही इतकं नेटकं बोलता येत नाही, हे मी वर्गात बोलूनही दाखवलं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण अख्खं त्यांच्या बोलण्यावर उभं होतं.

एका शनिवारी मी बायांना प्रश्न टाकला, की तुमचा नंबर दुसऱ्यांच्या फोनमध्ये कोणत्या नावानं ठेवलाय? त्यांना खेळच मिळाला. एकमेकींचे फोन तपासले, घरी फोन लावले, सुनांना खोदून खोदून विचारलं. कोणी 'आई' होती, कोणी 'मम्मी नवा नंबर', कोणी 'तिखटवाल्या काकू', कोणी 'खालच्या मजल्यावरची'. एकीच्या नवऱ्यानं तिला 'घर' या नावानं ठेवलं होतं. ती हसून हसून चाळणीवर पडली आणि म्हणाली, "मी काय भिंत आहो का?" सात नंबर कुठं 'मिरची' होत्या, कुठं 'दादाची आई', कुठं 'अॅडमिन'. अकरा जणींपैकी एकीचंही स्वतःचं नाव कुणाच्या फोनमध्ये निघालं नाही.

मला कोण आनंद झाला! अहो, निष्कर्ष सापडला ना. घरी गेले, कूलर लावला आणि चार दिवसांत प्रकरण लिहून काढलं. 'स्त्रीचे नाव पुसले जाण्याची प्रक्रिया' असं उपशीर्षक दिलं आणि स्वतःवर खूश होऊन कढी-गोळे केले.

आमच्या प्रकारच्या संशोधनात एक चांगली पद्धत आहे. जे लिहिलं ते त्या लोकांना नेऊन वाचून दाखवायचं आणि विचारायचं, बरोबर आहे का? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी प्रकरण घेऊन कांडपावर गेले. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. तारीख चुकली की नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. हे बायांनाही माहीत होतं, कारण मी दर शनिवारी त्याचंच रडगाणं गात होते.

चटईवर बसून वाचायला लागले. बायांनी मिनिटभरात कोण कुठला नंबर ते ओळखलं. "चार नंबर म्हणजे तू वं, जावेबद्दल अशी तूच बोलतं." हसण्याचा नुसता गोंधळ. त्या दिवसापासून त्या एकमेकींना नंबरानंच हाक मारायला लागल्या. ग्रुपवर संध्याकाळी निरोप आला, "नऊ नंबर, चाळणी कुठं ठेवून राहिली?"

सात नंबर तेवढ्या हसल्या नाहीत. खाली मान घालून देठं खुडत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी हात झटकले.

"झालं वाचून?"

"झालं, काकू."

"आमच्या फोनात आमचं नाव नाही, असं लिहिलं तू."

"हो."

"मंग तुह्या पुस्तकात कुठं आहे?"

मी गोपनीयतेवर भाषण दिलं. हे तुमच्याच भल्यासाठी असतं, उद्या कुणी त्रास दिला तर, वगैरे. वर्गात हे भाषण चांगलं जमतं. काकूंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी काय चोरी केली का वं, नाव लपवाले? माह्यं नाव टाक. नाहीतर माह्यं बोलणं काढून टाक. तूच वाचून दाखवलं होतं त्या कागदावर, कधीबी काढून घेता येते म्हणून."

म्हणजे अकरा जणींत एकीनं तो कागद ऐकला होता.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? स्कूटरवरून घरी येताना प्रत्येक सिग्नलला मी मनातल्या मनात काकूंशी भांडत होते. ऐन वेळी हे काय काढलं, तीन आठवडे राहिलेत, माझी सहा वर्षं यांना दिसत नाहीत का? नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबरच आहे ना तिचं." त्या दिवशी त्याच्याशी जेवतानाही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणतणत बसले आणि चौथ्या प्रकरणातून सात नंबर काढायला घेतलं. होईना. त्यांचं बोलणं काढलं की बाकीच्या दहा जणी कुणाला उत्तर देताहेत तेच कळेना. शिवाय पानाच्या वरच माझं झकास उपशीर्षक, 'स्त्रीचे नाव पुसले जाण्याची प्रक्रिया', आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'उत्तरदात्री क्र. ७'. सहा वर्षं तो विषय डोक्यात घेऊन फिरणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं आणि देठं खुडता खुडता एकदा ऐकून त्यांना दिसलं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सरांकडे गेले.

"नाव टाकलं की गोपनीयतेचा भंग," सर म्हणाले.

"पण सर, तिलाच नकोय गोपनीयता."

"तिला नको असली तरी आपल्याला हवी असते."

"मग ती माघार घेईल आणि प्रकरण जाईल."

सरांनी चष्मा काढून पुसला. एकाही आक्षेपाशिवाय गेलेली कारकीर्द त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली असावी. शेवटी म्हणाले, "लेखी घ्या. तिच्या स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव, खाली सही आणि ओळखपत्राची प्रत. मग बघू."

मी नवे फॉर्म छापून नेले. ज्यांना नाव हवं त्यांनी लिहावं, ज्यांना नको त्यांनी नंबर ठेवावा. सहा जणींनी लगेच नाव लिहिलं. एकीनं विचारलं, फोटो नाही का टाकून राहिले? चार नंबरनं तर फॉर्म हातातही घेतला नाही. "माह्यी जाऊ बाजूलेच राहते. माह्या नंबरच बरा," म्हणाली. सात नंबरनी मात्र फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. "उद्या देतो," म्हणाल्या.

उद्याचे चार दिवस झाले. ग्रुपवर त्यांचे निरोप नेहमीसारखे येत होते, त्यात तिखट होतं, नळ होता, कुणाच्या बाळंतपणाची खबर होती. फॉर्मबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, काकू मुद्दाम सतावताहेत. पाचव्या दिवशी मी चार खडे बोल सुनावायचे असं ठरवूनच गेले.

त्यांनी मला यंत्रामागे नेलं आणि फॉर्म हातात ठेवला. मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत एक नाव होतं. ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा फॉर्म आला. सोबतच्या आधार कार्डावर त्यांचं आम्हा सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव होतं.

"काकू, हे कोणाचं?"

"माह्यं. लग्नाच्या पहिलेचं."

मग त्यांनी सांगितलं, तेही हसत हसत. लग्नात ताट आलं, ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं. नाव सासरच्या एका आत्याबाईनं ठरवलं होतं. "मले कोणी विचारलं नाही. ताट समोर आलं तवा वाचलं. म्हटलं, अच्छा, आता हे. वाईट नाही वं थे नाव. चाळीस वर्षं वापरलं. पण थे त्या घरचं आहे. माह्या भाऊ होता तवर थो फोनवर जुन्याच नावानं बोलवे. दोन वर्षं झाले, थो गेला. आता कोणीच नाही म्हणत."

"मग चार दिवस काय करत होतात?"

"लिहून पाहत होतो. हाताची सवय गेली ना."

कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे त्या चार दिवस ते नाव गिरवत होत्या. मी सुनावायला नेलेले खडे बोल तसेच राहिले. मिरचीच्या ठिकाणची एक सोय आहे, डोळ्यांत पाणी आलं तर कोणी काही विचारत नाही. मी पोटभर रडून घेतलं. काकू म्हणाल्या, "ह्या बायायले सांगू नको. चिडवून चिडवून जीव घेतीन." ते नाव मी इथंही लिहीत नाही. त्यांनी परवानगी प्रबंधासाठी दिली होती, या लेखासाठी मी विचारलेलं नाही.

सरांनी फॉर्म पाहिला, आधार कार्ड पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"ही दोन वेगळी माणसं आहेत."

"एकच आहे, सर."

"कागदावर नाहीत ना."

मी तांदळाच्या ताटाची गोष्ट सांगितली, भावाची सांगितली. सर ऐकत होते, पण फाइल त्यांनी खणात ठेवली. "उद्या या," म्हणाले. त्यांचं 'उद्या या' म्हणजे नाही, हे अख्ख्या विभागाला माहीत आहे. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की चौथं प्रकरण गेलं. वर हेही सांगितलं, की आता नाव नाही टाकता आलं तर मी ते प्रकरण स्वतःच काढून टाकणार. त्यानं माझ्यासमोर आंबा चिरून ठेवला.

सकाळी आठ वाजता सरांचा फोन. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून फोन केला होता. गेले तर सर खिडकीपाशी उभे.

"काल घरी हे प्रकरण बायकोला सांगितलं," ते म्हणाले. "तर तिनं विचारलं, माझं लग्नाआधीचं नाव काय होतं, सांगा."

"मग?"

"आलं नाही हो मला. पस्तीस वर्षं झाली. आणि मॅडम, बदललं मीच होतं. मला आवडायचं ते ठेवलं होतं."

मी खुर्ची ओढून बसले.

"चहा माझा मीच करून घेतोय कालपासून," असं म्हणत त्यांनी फाइल उघडली आणि फॉर्मच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'उत्तरदात्रीने स्वतः निवडलेले नाव ग्राह्य धरावे.' सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. एवढ्या जोरात शिक्का मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आठवलं का मग नाव, सर?"

"नाही. आणि ती सांगतही नाहीये."

प्रबंध वेळेत गेला. डिसेंबरात तोंडी परीक्षा लागली. ही परीक्षा खुली असते, म्हणजे कोणीही येऊन ऐकू शकतं. प्रत्यक्षात कोणी फिरकत नाही. हजेरीच्या धाकानं आणलेली मुलं मागच्या रांगेत बसून मोबाइल बघत असतात. मी कांडपावर सहज बोलून गेले होते, की या म्हणून. तर अकराच्या अकरा आल्या. तीन ऑटो करून, काठपदराची लुगडी नेसून, डोक्यात फुलं माळून. दुसऱ्या रांगेत ओळीनं बसल्या. पाच मिनिटांत सभागृहभर मिरचीचा वास सुटला आणि दुसऱ्या शहरातून आलेले बाहेरचे परीक्षक 'सैद्धांतिक चौकट' म्हणता म्हणता सणसणीत शिंकले. दुसऱ्या रांगेतून एक ओळखीचं हसू आलं आणि माझी भीती जागच्या जागी गेली.

परीक्षकांनी खोदून विचारलं. काही ठिकाणी नावं आणि काही ठिकाणी नंबर, हे काय, असंही विचारलं. मी सांगितलं, ज्यांनी जे मागितलं ते दिलं. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. मग अध्यक्ष शेवटचं ठरलेलं वाक्य बोलले, "सभागृहातून कोणाला प्रश्न विचारायचा असल्यास उभे राहून आधी आपले नाव सांगावे."

इथं प्रश्न विचारायला प्रत्येक जण आपला एक विद्यार्थी तयार ठेवतो. मीही ठेवला होता, चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला होता. तो उठायच्या आत दुसऱ्या रांगेतून सात नंबर उभ्या राहिल्या.

त्यांनी पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. लग्नाआधीचं. स्वतःचं, मग बापाचं, मग माहेरचं आडनाव.

दहा बायांच्या माना एकदम वळल्या. चार नंबरनं शेजारणीला विचारलेलं मला मंचावर ऐकू आलं, "हे कोण वं?" समोर बसलेल्या आमच्या सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले.

अध्यक्ष वाट पाहत होते. "हं, बोला. प्रश्न?"

"प्रश्न नाही जी," काकू म्हणाल्या. "नाव सांगा म्हटलं तुम्ही. सांगितलं."

सगळं सभागृह हसलं, मागच्या रांगेतल्या मुलांनी मोबाइल खाली ठेवले. काकूही हसल्या आणि बसल्या. कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारे कारकून तेवढे गडबडले. त्यांनी पेन वर करून विचारलं, "बाई, नाव नीट ऐकू नाही आलं. नोंद करायची आहे, परत सांगता का?"

त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी परत सांगितलं. या खेपेला थोडं मोठ्यानं.